पोलंडच्या घरचा ईस्टर

दिवाळी जवळ आली हे पंचांग न पाहताही कळते. घरोघर झाडलोट सुरू होते. तळणाचा वास येतो. मुले चुलीभोवती घुटमळू लागतात. असा सण प्रत्येक देशात असतो. पोलंड देशात तो मान ईस्टरला आहे. नाताळही तिथे मोठा. पण हिवाळा संपून रान हिरवे होते, तेव्हा ईस्टर येतो. म्हणून त्याचा आनंद काही वेगळाच.

पोलंड हा युरोपातला देश. आकाराने जवळजवळ आपल्या महाराष्ट्राएवढाच. वॉर्सा ही त्याची राजधानी. थंडी कडक. हिवाळ्यात बर्फ पडते आणि दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. लोक बहुतेक ख्रिस्ती, रोमन कॅथलिक पंथाचे. आपल्याकडे वसईला आणि गोव्यातही या पंथाचे लोक आहेत, आणि तेही ईस्टर पाळतात. पण आज आम्ही पोलंडमधल्या घरांची हकीकत सांगणार आहोत. त्याला एक कारण आहे. या देशातल्या हजारो माणसांनी आपल्या कोल्हापूरजवळ पाच वर्षे काढली आहेत. ती गोष्ट शेवटी येईल. आधी सण समजून घेऊ.

सण कोणता आणि केव्हा?

येशू ख्रिस्ताला शुक्रवारी क्रुसावर चढवले आणि तिसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, तो पुन्हा जिवंत झाला, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. तो रविवार म्हणजे ईस्टर.

याची तारीख दर वर्षी बदलते. कॅथलिक लोकांचा हिशेब असा: २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल, तिच्यापुढचा रविवार धरायचा. म्हणून ईस्टर २२ मार्चच्या आधी येत नाही आणि २५ एप्रिलच्या पुढे जात नाही. आपली होळी पौर्णिमा किंवा हनुमान जयंती त्याच्या आसपास असते. चंद्राकडे पाहून सण ठरवणारे आपण एकटेच नाही, बरं का!

सणाआधी उपासाचा काळ असतो. रविवार सोडून चाळीस दिवस. पूर्वी हा उपास फार कडक असे. मांस तर नाहीच, पण दूध, लोणी, अंडी हेही वर्ज्य. रायच्या पिठाची आंबट कढी आणि खारवलेला मासा यांवर दिवस काढायचे. राय हे तिकडचे गव्हासारखे धान्य. उपास संपत आला की खेड्यातली पोरे त्या कढीचे मडके थाटामाटाने पुरत, नाहीतर फोडत. खारा मासा झाडाला टांगत. ‘फार दिवस छळलेस, आता जा!’ असा त्याचा अर्थ.

अंड्यांना एवढा मान का?

ईस्टरच्या मेजावर अंडे हवेच. यात धर्माचा अर्थ आहे. अंडे दिसायला दगडासारखे निर्जीव. पण आत जीव असतो. मरणातून जीव वर आला, याची ती खूण.

पण त्यामागे साधे शेतकरी कारणही आहे. कोंबडीचे अंडी देणे उजेडावर अवलंबून असते. हिवाळ्यात दिवस लहान, तेव्हा अंडी कमी. वसंतात दिवस मोठा होतो आणि अंडी भराभर येऊ लागतात. नेमका हाच काळ उपासाचा. कोंबड्या अंडी देणार, घरात कोणी खाणार नाही. मग ती गार तळघरात साठवायची. लोणीही साठायचे. उपास सुटला की हे सगळे एकदम कामाला येई. एकेका पक्वान्नात डझनावारी अंडी का पडतात, ते आता ध्यानात येईल. ज्या दिवसांत जे घरात भरपूर असते, त्यातूनच सणाचे पक्वान्न जन्मते. आपली संक्रांतीची तीळगुळाची वडी तरी काय? नवा गूळ आणि नवे तीळ.

आमचे काही वाचक अंडे खात नसतील. त्यांनी हे माहिती म्हणून वाचावे.

मेजावरचे हिरवे शेत

तयारी आठवडाभर आधी सुरू होते, आणि ती पेरणीने होते. एका बशीत ओला कापूस पसरतात. त्यावर बारीक तांबूस बी दाट पेरतात. रोज पाणी शिंपडतात. सात-आठ दिवसांत बोटभर हिरवे शेत तयार!

हे बी कोणते, ठाऊक आहे? आपले हळीव. बाळंतिणीला ज्याचे लाडू देतो, तेच. तिकडे त्याची कोवळी, तिखटसर पाने अंड्याबरोबर खातात. आपण घटस्थापनेला धान्य पेरतो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की तिकडचे रोप मेजावर शोभते आणि मग पोटातही जाते.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी लोक देवळात झावळ्या नेतात. पण पोलंडच्या थंडीत ताडमाड कुठून येणार? म्हणून ते विलोच्या फांद्या घेतात. विलो म्हणजे आपल्या वाळुंजाच्या जातीचे झाड. पाने फुटण्याआधी त्याला राखी रंगाचे मऊ, लव असलेले तुरे येतात. ह्याच फांद्या मग पाण्याच्या भांड्यात उभ्या करून मेजावर ठेवतात. काही घरी त्यांना रंगीत अंड्यांची टरफले टांगतात.

मेजावर पांढरी स्वच्छ चादर अंथरतात. कडेने बॉक्सवुड नावाच्या सदा हिरव्या झुडपाच्या डहाळ्या लावतात. मधे कोकरू. ते लोण्याचे, साखरेचे किंवा पिठाचे असते. लोण्याच्या कोकराला मिरीचे डोळे लावतात आणि पाठीशी लाल कापडाचे चिमुकले निशाण खोचतात. कोकरू ही येशूची खूण मानतात.

पाहा, यात विकत आणण्यासारखे काय आहे? चादर घरची. डहाळी कुंपणावरची. रोप बशीत उगवलेले. मेज सजते ते हाताने.

बाबका: आजीबाईची केक

आता मुख्य पक्वान्न. त्याचे नाव बाबका. पोलिश भाषेत बाबका म्हणजे आजी. ही केक उंच असते आणि तिला उभ्या चुण्या असतात. म्हातारीच्या घेरदार घागऱ्यासारखी दिसते, म्हणून हे नाव पडले असे म्हणतात.

एका साध्या बाबकेचे प्रमाण असे. अर्धा किलो मैदा. पाव लिटर दूध. सहा अंड्यांचा पिवळा बलक. सव्वाशे ग्रॅम लोणी. सव्वाशे ग्रॅम साखर. तीस ग्रॅम ओले खमीर, चिमूटभर मीठ आणि मूठभर बेदाणे. हे ओले खमीर पाव भाजणाऱ्यांकडे असते.

पहिले काम खमीर जागे करण्याचे. दूध कोमट करायचे. बोट बुडवले तर सुखाचे वाटले पाहिजे. त्यात खमीर, चमचाभर साखर आणि थोडा मैदा कालवून पंधरा मिनिटे झाकून ठेवायचे. वर फेस आला म्हणजे खमीर जागे झाले.

हा फेस कशाचा? खमीर म्हणजे अगदी बारीक जीव. डोळ्यांना एकेक दिसत नाहीत. ते साखर खातात आणि वायू सोडतात. तो वायू पिठात अडकतो आणि पीठ फुगते. हे जीव थंडीत सुस्तावतात. दूध कढत असेल तर मरतात. म्हणून दूध कोमट हवे. सगळी खुबी इथेच आहे.

बलक आणि साखर फेटून पांढरट करायचे. ते, खमीर आणि मीठ मैद्यात घालून मळायचे. थोडेथोडके नाही, वीस-पंचवीस मिनिटे. पीठ हाताला चिकटायचे कमी झाले की वितळलेले, पण निवालेले लोणी थोडे थोडे घालायचे. शेवटी बेदाणे. मग कापडाने झाकून उबेला ठेवायचे. तास-दीड तासात पीठ दुप्पट होते. ते लोणी लावलेल्या साच्यात निम्म्यापर्यंत भरायचे आणि पुन्हा वर येऊ द्यायचे. मग बेताच्या आचेच्या भट्टीत पाऊण तासाच्या आत भाजून होते. काडी खुपसून पाहायची. कोरडी निघाली म्हणजे आतून शिजली. निवल्यावर वरून साखरेचा दाट पाक ओततात.

जुन्या काळी बाबका भाजताना घरात केवढी धांदल असे! स्वयंपाकघराची दारे-खिडक्या बंद. पुरुषांना आत यायला मनाई. मोठ्याने बोलायचे नाही. भट्टीतून काढलेली बाबका पिसांच्या उशीवर निजवून गार करायची. पुरुषाच्या नजरेने केक बसते, असे बायका म्हणत. नजरेने काही होत नाही. दार उघडले की गार वारा आत येतो, आणि वर आलेले पीठ वाऱ्याने आणि हादऱ्याने खाली बसते. अनुभव खरा होता. कारण मात्र चुकीचे लावले होते. आपल्याकडेही अशा पुष्कळ समजुती आहेत. त्या ऐकाव्यात, आणि खरे कारण काय असेल याचा विचार करावा.

दुसरे पक्वान्न मझुरेक. ही चपटी केक. तळाला लोण्यातल्या पिठाची पातळ, खुसखुशीत पोळी. तिच्यावर दूध-साखर आटवून केलेला घट्ट, तांबूस थर. आपल्या बासुंदीहून दाट आणि खव्याहून मऊ. त्यावर बदाम, अक्रोड आणि सुकी फळे मांडून नक्षी काढतात. ही केक बरेच दिवस टिकते. म्हणून ती आधी करून ठेवता येते आणि घरधनिणीची शनिवारची घाई वाचते.

लिहिलेली अंडी

अंडी रंगवण्याचे काम पोरांचे. त्याला बाजारचा रंग लागत नाही. वर्षभर कांद्याची सुकी टरफले जमवून ठेवतात. ती अर्धा तास पाण्यात उकळली की तांबूस रंग उतरतो. त्यात चमचाभर व्हिनेगर घालतात. व्हिनेगर आंबट असते. अंड्याचे कवच चुन्याच्या जातीचे. आंबटाने ते जरासे खरखरीत होते आणि रंग नीट धरते. त्या पाण्यात अंडी दहा मिनिटे उकडायची. पुसून तुपाचा हात फिरवला की चकाकतात. बिटाने गुलाबी रंग येतो, धान्याच्या कोवळ्या पात्यांनी हिरवा, आणि ओकच्या सालीने काळपट.

नक्षीची अंडी मात्र निराळी. वितळलेल्या मेणात टाचणी किंवा बारीक नळी बुडवायची आणि अंड्यावर रेघा काढायच्या. मग अंडे रंगात बुडवायचे. मेणाखाली रंग जात नाही. नंतर ऊब देऊन मेण पुसले की पांढरी नक्षी उठून दिसते. या अंड्यांना पिसांकी म्हणतात. पोलिश भाषेत ‘पिसाच’ म्हणजे लिहिणे. तेव्हा पिसांकी म्हणजे लिहिलेली अंडी! तुम्ही नुकते लिहायला शिकला आहात. ज्या बायकांना अक्षर येत नव्हते, त्याही वर्षातून एकदा अंड्यावर असे लिहीत असत.

ही कला फार जुनी आहे. पोलंडमध्ये ओपोले नावाचे शहर आहे. तिथल्या उत्खननात सुमारे हजार वर्षांपूर्वीची नक्षीची अंडी सापडली आहेत. त्या भागात आजही रंगवलेल्या अंड्यावर टोकदार पात्याने कोरून फुले-पाने काढतात.

टोपली आणि पहिला घास

शनिवारी प्रत्येक घरातून एक टोपली देवळात जाते. टोपलीत पांढरा विणलेला रुमाल. त्यात अंडी, पाव, मीठ, लोण्याचे कोकरू, मसाला भरलेल्या मांसाचा तुकडा, मुळ्यासारखा एक झणझणीत तिखट कंद आणि बाबकेचा तुकडा. सगळे थोडे थोडे. धर्मगुरू प्रार्थना म्हणून त्यावर पवित्र पाणी शिंपडतात. आपण नैवेद्य दाखवतो ना, तसेच. श्रीमंताची टोपली आणि गरिबाची टोपली एकाच ओळीत ठेवलेली असते.

रविवारी भल्या पहाटे प्रार्थना होते. घरी येऊन सगळे मेजाभोवती उभे राहतात. भूक लागलेली असते. तरी कोणी ताटाला हात लावत नाही. घरातले वडील माणूस टोपलीतले अंडे घेते, कापते आणि प्रत्येकाला एक एक फोड देते. देताना ‘सुखी राहा, निरोगी राहा’ असे म्हणते. लहानथोर एकमेकांना तसेच म्हणतात. पंगतीला आलेल्या परक्यालाही फोड मिळते. घरात रुसवेफुगवे असले तर ते या वेळी मिटवायचे. मगच जेवण. त्यात तीच रायची आंबट कढी पुन्हा येते, पण आता मांस आणि उकडलेले अंडे घातलेली. परवा जिला पुरले, तिलाच आज मान!

पवित्र केलेल्या अन्नाचा कणही टाकत नाहीत. पूर्वी त्या अंड्यांची टरफलेसुद्धा परसात किंवा शेतात पसरत. पावालाही असाच मान. पाव खाली पडला तर जुनी माणसे तो उचलून त्याचे चुंबन घेत. आपल्याकडे भाकरीला पाय लागला की नमस्कार करतात, त्याचीच ही बहीण.

सोमवारी पोरे एकमेकांवर पाणी ओततात. ओले झाल्याशिवाय कोणी सुटत नाही. ती त्यांची रंगपंचमीच समजा.

घर गेले, तेव्हा

आता कोल्हापूरची गोष्ट.

१९३९ साली सप्टेंबर महिन्यात जर्मनीने आणि त्यामागोमाग सोव्हिएत रशियाने पोलंडवर स्वारी केली. देश दोघांनी वाटून घेतला. १९४० आणि १९४१ साली पूर्व भागातल्या लाखो लोकांना घरातून उचलून आगगाडीने सायबेरियात आणि कझाकस्तानात नेले. त्यांत बायका, म्हातारी माणसे आणि तान्ही मुलेही होती. जंगलात कष्टाची कामे. कामाच्या मापाने पावाचा तुकडा. थंडीने, भुकेने आणि रोगराईने पुष्कळ माणसे मेली. पुढे १९४१ साली करार होऊन त्यांची सुटका झाली. १९४२ साली त्यांतले काही लोक इराणात पोहोचले. तिथून काही हिंदुस्थानात आले. जामनगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहांनी बालाचडी येथे अनाथ मुलांना आसरा दिला. कोल्हापूर संस्थानात वळिवडे गावाजवळ १९४३ साली मोठी छावणी उभी राहिली. सुमारे पाच हजार पोलिश माणसे तिथे राहिली. बहुतेक बायका आणि मुलेच. त्यांनी तिथे आपल्या शाळा चालवल्या, दवाखाना चालवला, प्रार्थनामंदिर उभे केले. १९४८ साली छावणी बंद झाली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचे स्मारक आहे.

विचार करा. घर गेले. शेत गेले. देशही हातचा गेला. चैत्रातले आपले ऊन त्यांच्या ओळखीचे नव्हते. विलोचे मऊ तुरे नव्हते, बर्फ वितळल्यावरचे हिरवे रान नव्हते. तरी वर्षातून एक रविवार ईस्टरचा येईच, आणि छावणीत तो पाळला जाई. आईला बाबकेचे प्रमाण तोंडपाठ असते. अंडे कसे कापायचे आणि काय म्हणून द्यायचे, हेही पाठ असते. ज्या मुलांना आपला गाव नीट आठवत नव्हता, त्यांना आपण कोण, हे अशा सणांनीच सांगितले. सामानाची पेटी हिरावून घेता येते. पाठ असलेली रीत कोण हिरावणार?

त्या देशावर अशी वेळ आधीही आली होती. १७९५ पासून १९१८ पर्यंत पोलंड नकाशावर नव्हताच. तीन शेजाऱ्यांनी तो वाटून घेतला होता. महायुद्धानंतरही टंचाई आली. १९७६ साली साखरेला शिधापत्रिका लागली, १९८१ साली मांसाला. लोक पहाटेपासून दुकानापुढे रांगा लावून ईस्टरसाठी जिन्नस जमवीत. मेज लहान झाले, पण मांडायचे कोणी सोडले नाही.

आपण काय घ्यावे?

आम्ही असे म्हणत नाही की आपण ईस्टर करावा. ज्याचा त्याचा सण ज्याला त्याला गोड. पण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

पहिली, सणाला कर्ज काढू नये. ऋण काढून सण करणाऱ्याचा सण एक दिवस टिकतो आणि व्याज वर्षभर चालते. बशीतले हळीव, कांद्याची टरफले, कुंपणावरची डहाळी यांनी परदेशातले घर सजते. आपल्या परसातली झेंडूची फुले आणि आंब्याची पाने काय कमी आहेत?

दुसरी गोष्ट लिहिण्याची. तुमच्या आईला, आजीला किती पदार्थ पाठ असतील! अनारशाचे पीठ किती दिवस भिजवायचे, पुरणाला डाळ किती नि गूळ किती, ओव्या कोणत्या म्हणायच्या. आता तुम्हाला अक्षर आले आहे. एक वही करा. संध्याकाळी आजीजवळ बसा आणि तिला विचारून एक एक प्रमाण उतरवून काढा. वहीवर तिचे नाव घाला. घरावर कधी कोणती वेळ येईल, ते सांगता येत नाही. पाठ असलेले माणसाबरोबर जाते. लिहिलेले मागे राहते.